दाबा, धरा, सोडा

बॉनेट अजून बसलेलं नाही. सीटही नाही.
स्टेअरिंगमागं दुमडलेलं घोंगडं, त्यावर मामा,
माझे सासरे, हिंदुराव, एसटीत एकतीस वर्षं.
उजव्या डोळ्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली,
पाय मात्र अजून ड्युटीवर.

मी मागच्या डाव्या चाकाशी, सिमेंटच्या पोत्यावर आडवी.
पायापासून जे सगळ्यात लांब, त्याची हवा आधी.

"दाबा, मामा."
"दाबलं."
"धरा."
पाना पाव फेरा. नळीत एक मोठा बुडबुडा,
मागून बारके दोन, जत्रेत आईमागं पोरं चालावीत तसे,
आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत
तेल एवढंसं चढतं.
पाना बंद. "सोडा."

पुन्हा.

सहा खोक्यांतून किट आलं तेव्हा गल्ली जमली होती.
चॅसीचे जोड उद्यमनगरात दस्तगीर मुल्लाणींनी तपासून दिले,
चहाशिवाय काही घेतलं नाही, म्हणाले,
"पळवायला काय, कुणीबी पळवंल.
थांबली की सांगायला ये."

"आमच्या गाडीत हवेनंच ब्रेक लागायचा,"
मामा वरून म्हणतात,
"टाकीत हवा भरल्याबगार डेपोतनं गाडी हलायची न्हाई.
आन तुझ्यात हवाच नको म्हणतीस."
मी म्हटलं, हवा दबते मामा, तेल दबत नाही.
थोडा वेळ काहीच नाही.
मग, "बरं. दाबू?"

धैर्यशीलला एकच काम दिलं होतं:
पुढच्या डबीतलं तेल खाली जाऊ द्यायचं नाही.
मोबाईलवर तालमींची मॅच, पेनल्टी,
आणि डबीच्या तळाशी गुरगुरणारा भोवरा.
सगळं पहिल्यापासून.
एक थेंब पिवळ्या रंगावर सांडला; पुसेपर्यंत
तिथं सुरकुती आली. ती राहू दे, असं मी त्याला सांगितलं.
गोड आवाजात नाही.

मागचं डावं. मागचं उजवं. पुढचं डावं. पुढचं उजवं.
रात्रीचे साडेनऊ. दोन बाटल्या तेल संपलं.
"अजून मऊच लागतंय," मामा म्हणाले,
"शिळ्या भाकरीवर पाय दिल्यागत न्हाई,
ताज्या पावावर दिल्यागत."

मी बॅटरी घेऊन पुन्हा आत शिरले.
वॉशर तांब्याचे, नवे. जोड कोरडे.
"हवा कुठं जाती गं पोरी?"
"वर."
"आन तुझा नळ?"

पुढच्या दोन्ही कॅलिपरचे निपल
जमिनीकडं बघत होते.
डावा उजवीकडं, उजवा डावीकडं.
बोल्ट सुरेख बसले होते, टॉर्क रेंचनं मोजून,
आणि वरच्या पोकळीत हवा निवांत, पाय पसरून.

गोकुळ शिरगावला मी दिवसभर लोकांचे पार्ट नापास करते,
एका केसाच्या दहाव्या हिश्शासाठी.
उठले, बॅगेतली लाल चिठ्ठी काढली,
माझ्याच कॅलिपरला बांधली, सही केली.
मग सोडवली. मग दोन्ही खोलले.

अदलाबदल करायला पाऊण तास. निपल आता आकाशाकडं.
दाबा. धरा. सोडा.
एक बुडबुडा आला, सुपारीएवढा.
त्यानंतर नुसतं तेल, अखंड, मधाच्या रंगाचं.

"लागला," मामा म्हणाले. एवढंच. पण आवाज बदलला होता.

"आता तसाच दाबून धरा, मी गळती बघते."
चारही चाकांशी कागद फिरवला. कोरडा.
मास्टर सिलेंडरपाशी फिरवला. कोरडा.
हात धुतले, पाने पुसून डब्यात लावले,
धैर्यशीलशी दोन शब्द बोलले, त्यातला एक हसून.
शटर ओढायला वळले तर
मामा तसेच. पाय पेडलवर, हात स्टेअरिंगवर,
गाडी जॅकवर, चारही चाकं अधांतरी.

सोडा म्हणायचं मी विसरले होते.

"मामा?"
"बोलू नको चालकाशी. करूळचा घाट उतरतोय,
वळण हाय."